कोणतं ऑपरेशन मनाला सोसवेल?

प्रश्न असा आला आहे: "माझी मोठी बहीण ४७ वर्षांची आहे. सिंहगड रोडला राहते, शाळेत शिकवते. उजव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. गाठ लहान आहे. सर्जन म्हणाले, नुसती गाठ काढून स्तन वाचवता येईल, मात्र मग रेडिएशन घ्यावं लागेल. नाहीतर पूर्ण स्तन काढता येईल आणि हवं असेल तर नवीन स्तन तयार करूनही देता येईल. भावोजी आणि तिच्या सासूबाई म्हणतात, सगळं काढून टाका, डोक्याला ताप नको. ताई म्हणते, तुम्ही ठरवाल तसं. कोणत्या ऑपरेशनचा मनावर कमीत कमी परिणाम होतो? आणि नंतर आम्ही घरच्यांनी कसं वागायचं?"

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते ताईंचं 'तुम्ही ठरवाल तसं'. पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांची समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे आणि हे वाक्य सतत कानावर येतं. फाइल नवऱ्याच्या हातात, प्रश्न दीर विचारतो, आणि जिचं ऑपरेशन आहे ती खुर्चीच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. कोणतं ऑपरेशन झालं याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, बाईचं पुढचं मन यावर ठरतं की निर्णयात तिचा शब्द होता का, आणि आपलं काय काय होणार आहे हे तिला आधी ठाऊक होतं का. मनावर काहीच खूण न सोडणारं ऑपरेशन यात एकही नाही. प्रत्येकाची खूण वेगळी असते. कोणती खूण आपल्याला सोसवेल, हे ताईंनाच सांगता येईल.

आधी घरातली भीती बाजूला करू. भावोजी आणि सासूबाई काळजीपोटीच बोलताहेत. जास्त कापलं की जास्त सुरक्षित, असा त्यांचा हिशेब आहे. सर्जनही कित्येक दशकं हेच मानत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विल्यम हॅल्स्टेड यांनी रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, ज्या प्रत्येकाच्या काखेत असतातच) असं सगळं एकत्र काढून टाकत. बाई वाचली तरी कातडीखाली बरगड्या दिसायच्या आणि हात नीट वर जायचा नाही. १९७० च्या दशकात इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हा समज तपासायला घेतला. वेरोनेसी यांच्या मिलानमधल्या अभ्यासात ७०१ बायका होत्या, फिशर यांच्या अभ्यासात त्याहून कितीतरी जास्त. दोन्हींचे २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट भावोजींना जरूर सांगा. फिशर यांच्या गटात नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या बायकांपैकी ३९ टक्क्यांमध्ये त्याच स्तनात आजार परत आला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये ते प्रमाण १४ टक्के होतं, आणि आजच्या उपचारांमुळे ते आणखी खाली आलं आहे. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तर रेडिएशन टाळता येत नाही, ते त्या ऑपरेशनचाच राहिलेला अर्धा भाग समजा. त्याच स्तनात परत येण्याची शक्यता पूर्ण स्तन काढल्यावर थोडी कमी होते हे खरं, पण आयुष्य त्यामुळे वाढत नाही. अर्थात काही वेळा स्तन वाचवणं योग्य नसतं. एकाच स्तनात लांब लांब गाठी असतील, त्या जागी पूर्वी रेडिएशन झालेलं असेल, गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल, तर सर्जन पूर्ण काढायलाच सांगतात. ताईंपुढे त्यांनी दोन्ही पर्याय ठेवले आहेत. तेव्हा निवड जगण्यामरण्याची उरलेली नाही, पुढे कसं जगायचं याची आहे.

आता मनाचं. १९७८ साली मँचेस्टरचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांनी स्तन काढलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावरही चौघींपैकी एकीला चिंता किंवा नैराश्यासाठी उपचारांची गरज होती आणि तिघींपैकी एकीला नवरा-बायकोच्या संबंधांत बऱ्यापैकी अडचणी होत्या. तेव्हा साहजिकच वाटलं, की स्तन वाचवायला लागलो की हे प्रश्न मिटतील. पण १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ लेस्ली फॅलोफिल्ड यांनी दोन्ही ऑपरेशनं झालेल्या बायका तपासल्या, तर चिंता आणि नैराश्य दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. १९९० च्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या सर्जनांची पद्धत पर्याय मांडून बोलण्याची होती, त्यांच्या रुग्णांमध्ये नैराश्य कमी होतं. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतूनही साधारण हेच चित्र पुढे आलं. स्तन वाचलेल्या बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटतं, कपडे आणि जवळीक यांची अडचण कमी येते, तरुण वयात हा फरक जास्त जाणवतो. पण भीती, उदासी, रात्रीची झोप उडणं यात फारसा फरक पडत नाही. कारण ते सगळं मुळात कॅन्सरमुळे असतं, ऑपरेशनमुळे त्याला फक्त निरनिराळी वाट मिळते.

पूर्ण स्तन काढल्यावर पहिला अवघड प्रसंग येतो तो पट्टी उघडण्याचा. ड्रेसिंगच्या खोलीत नर्स हातमोजे घालते, चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवते, कडेला ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत लालसर पाणी जमलेलं असतं. बाई त्या वेळी हमखास दुसरीकडे बघते, छताकडे किंवा खिडकीकडे. नवरा दाराबाहेर असतो, आत येऊ का असं विचारायचंही त्याला सुचत नाही. नर्स म्हणते, "छान भरलीय हो जखम." बाई मान हलवते आणि तरी बघत नाही. यात काही चुकत नाही. कुणी पहिल्याच दिवशी बघतं, कुणाला काही आठवडे लागतात. काहीजणी आधी हाताने चाचपडतात आणि डोळ्यांनी खूप नंतर बघतात. मात्र महिनोन्महिने बाई परकर छातीवर बांधूनच आंघोळ करत असेल, खोलीतला आरसा उलटा करून ठेवत असेल, तर तिला एकटीला सोडू नये, मदत घ्यावी. मी ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवते, की पहिल्यांदा बघताना सोबत कोण हवं. उत्तर बहुतेक वेळा बहीण किंवा मुलगी असं येतं. अशा जखमेचे फोटो आधी पाहायचे आहेत का, हेही विचारते. आधी पाहिलेलं असलं की धक्का कमी बसतो. पण ज्यांना नको असतं त्यांच्यावर कधी लादत नाही.

नंतरचे त्रास छोटे छोटे आणि रोजचे असतात. सहावारीचा पदर डाव्या खांद्यावरून येतो, त्यामुळे डावी बाजू आपोआप झाकली जाते. उजवा स्तन गेलेल्या बाईची सपाट झालेली बाजू नेमकी उघडी राहते. ताई शिक्षिका आहेत, फळ्यावर लिहून वर्गाकडे वळताना पदर पुढे ओढायची सवय त्यांना लागू शकते. अशा सवयीनेच माणूस हळूहळू अंग चोरून वावरायला लागतो. जखम भरेपर्यंत मऊ सुती कृत्रिम स्तन आणि त्यानंतर सर्जनच्या परवानगीने, साधारण सहा आठवड्यांनी, सिलिकॉनचा वापरता येतो. ब्रेसियरला आतून खिसा शिवला की तो सरकत नाही. स्तन मोठे असतील तर सिलिकॉनचा केवळ दिसण्यासाठी लागतो असं नाही. एका बाजूचं वजन गेल्याने खांदा झुकतो, मान दुखते, त्यालाही त्याने आराम पडतो. या गोष्टींची माहिती ऑपरेशनच्या आधी मिळायला हवी. बहुतेकींना ती नंतर कुणा ओळखीच्या बाईकडून मिळते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, कारण ती न सांगितल्याने बायका फार घाबरतात. काढून टाकलेल्या स्तनाला खाज सुटल्यासारखी वाटते, कधी तिथे कळ आल्यासारखी वाटते. 'मला वेड लागतंय का' असं मला कुजबुजत विचारलेलं आहे. वेड अजिबात नाही. हात किंवा पाय कापलेल्या माणसांनाही असंच होतं, मेंदूतला त्या भागाचा नकाशा इतक्यात पुसला जात नाही.

'मुलं झाली, ती मोठी झाली, आता काय करायचंय' हे वाक्य घरातल्या कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. मुलं झाल्यावर बाईला तो अवयव नको होतो असं नाही. विधवा बायका, अविवाहित बायका, सत्तरीच्या आज्या या सगळ्या त्यासाठी रडताना मी पाहिल्या आहेत. उलटही पाहिलं आहे: स्तन गेल्यावर जीव भांड्यात पडलेल्या, आठवड्याभरात भाजीला बाहेर पडलेल्या बायका. त्यांच्यावरही 'तू दुःख दाबून ठेवतेस' असा आरोप करू नये. खरोखरच सुटल्यासारखं वाटणाऱ्या कितीतरी असतात, विशेषतः ज्यांनी विचार करून स्वतः हे ऑपरेशन निवडलेलं असतं.

स्तन वाचलेल्या बाईची खूण बाहेरून दिसत नाही, आणि तिचा त्रास तिथेच सुरू होतो. नातेवाईक येतात, बघतात, म्हणतात, "थोडक्यात निभावलं गं तुझं." दोन महिन्यांत सगळे विसरून जातात. ती मात्र आंघोळ करताना रोज त्याच जागी बोट फिरवते. रेडिएशननंतर त्वचा काळवंडते, स्तन काही महिने सुजतो, मग आकसतो, व्रणाखालचा भाग कडक लागतो. तो कडकपणा हाताला लागला की मनात पाल चुकचुकते. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीची, तारीख जवळ आली की आठवडाभर आधी झोप जाते. कधी कधी ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या कडेला पेशी राहिल्याचं दिसतं आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. ही शक्यता आधी सांगितली नसेल, तर बाईचा सर्जनवरचा आणि स्वतःच्या निवडीवरचा विश्वास एकदम ढासळतो. 'तेव्हाच सगळं काढलं असतं तर' हे घरातून ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. ताईंनी हा पर्याय निवडला, तर हे वाक्य पुढे कधीही कुणी बोलायचं नाही, असं तुम्ही आत्ताच घरात ठरवून टाका.

रेडिएशन रोज घ्यावं लागतं, शनिवार-रविवार सोडून. पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं, आता बऱ्याच ठिकाणी १५ वेळांत, म्हणजे तीन आठवड्यांत होतं, आणि निवडक रुग्णांना त्याहूनही कमी दिवसांत देतात. जुन्नर, इंदापूरकडच्या बायका त्यासाठी पुण्यात नातेवाइकांकडे राहतात. लोकांच्या घरी आजारपण काढण्याचा संकोच इतका असतो, की काहीजणी तेवढ्यासाठी स्तन काढून टाकायचं ठरवतात. ताई पुण्यातच राहतात, तेव्हा हा प्रश्न त्यांना नाही. पण एक लक्षात ठेवा: रेडिएशनचा शेवटचा दिवस सगळ्यांना पेढे वाटण्याचा वाटतो, आणि नेमकी त्यानंतरच बाई खचलेली दिसते. इतके दिवस रोज कुणीतरी तपासत होतं, उपचार चालू होते, आता पुढचं बोलावणं तीन महिन्यांनी. 'आता माझ्यावर लक्ष कोण ठेवणार' ही भीती खरी असते. त्या महिन्यात माणसांचा राबता कमी करू नका.

नवीन स्तन तयार करण्याबद्दल घरोघरी दोन टोकांचे समज असतात. एक, हे नट्यांचं काम, आपल्याला काय करायचंय. दुसरा, केलं की पूर्वीसारखंच होतं. दोन्ही चूक. पाठीचा स्नायू किंवा पोटाची चरबी आणि कातडी वापरून, नाहीतर सिलिकॉनचा इम्प्लांट बसवून स्तनाचा उंचवटा तयार करतात. काही वेळा त्याच ऑपरेशनमध्ये, काही वेळा उपचार संपल्यावर. कपड्यांत छान दिसतो, आरशासमोर उभं राहणं सोपं जातं, पदर ओढावा लागत नाही. पण त्याला स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही. बायकांना सगळ्यात अनपेक्षित असतो तो हा बधिरपणा. नातीने छातीवर डोकं टेकवलं तर डोळ्यांना दिसतं, कातडीला कळत नाही. शिवाय पोटावर किंवा पाठीवर दुसरा मोठा व्रण येतो, बरं व्हायला जास्त दिवस लागतात, बरेचदा एकाहून जास्त ऑपरेशनं होतात. इम्प्लांट बसवल्यावर रेडिएशन द्यावं लागलं तर भोवतीचा भाग आवळून स्तन कडक होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यांचा क्रम सर्जन आणि रेडिएशनच्या डॉक्टरांकडून एकत्र समजून घ्यावा. 'हरवलेलं परत मिळणार' या अपेक्षेने गेलेल्या बायका हिरमुसून येतात. 'साडी-ड्रेसमध्ये मला नीट दिसायचं आहे आणि त्यासाठी जास्तीचं दुखणं मी सोसेन' असं म्हणून गेलेल्या बहुतेक समाधानी असतात. आत्ता ठरत नसेल तर नंतरही करता येतं, ही गोष्ट ताईंच्या कानावर जरूर घाला. आत्ताच ठरवायला हवं या दडपणाखाली घेतलेला निर्णय पुढे सलत राहतो.

काखेबद्दल कुणी विचारतच नाही. माझ्या मते मनाला सगळ्यात चिवटपणे छळणारा भाग तोच. स्तन काढा किंवा वाचवा, काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी बहुतेक वेळा तपासाव्या लागतात. पूर्वी सरसकट सगळ्या काढत. आता काखेत आजार दिसत नसेल तर आधी मोजक्या पहारेकरी गाठी, म्हणजे स्तनातून आजार पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या, काढून तपासतात. काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीच्या हाताला पुढे सूज येते, पहारेकरी गाठींपुरतंच काम झालं तर वीसातल्या एकीच्या आसपास. ताईंची उजवी बाजू आहे. खडू धरणं, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिणं, गाडीचा ॲक्सिलरेटर पिळणं, पोळ्या लाटणं, सगळं त्याच हाताने. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बधिर होते, कारण तिथून जाणाऱ्या नसेला धक्का लागलेला असतो. सूज आली तर बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची बाही रुतते. स्तन कपड्यांखाली झाकता येतो, हात झाकता येत नाही. लग्नकार्यात कुणीतरी 'हाताला काय झालं गं' विचारतंच, आणि पाच वर्षांपूर्वी संपलेलं आजारपण हॉलभर पुन्हा सांगावं लागतं. म्हणून सर्जनला विचारण्याच्या यादीत 'काखेत किती काढणार' हा प्रश्न सगळ्यात वर ठेवा. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले खांद्याचे व्यायाम सुरुवातीपासून करायला लावा. हात पूर्ण वर गेला, की बाईच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो माझ्या चार बैठकांनी येत नाही. ब्लाउजच्या बाह्या आधीच सैल करून घ्या, त्या हातातल्या घट्ट बांगड्या ऑपरेशनच्या आधी घरी नीट उतरवा. थिएटरच्या दारात सौभाग्याच्या बांगड्या फोडाव्या लागल्या, तर तेवढ्यानेही काहीजणींच्या मनात अपशकुनाची शंका घर करते.

दुसऱ्या बाजूचा निरोगी स्तनही काढून टाकण्याचा विचार २०१३ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोलीने दोन्ही निरोगी स्तन काढून घेतल्याची बातमी आल्यापासून इथेही बोलला जातो. तिच्यात बीआरसीए-१ या जनुकाचा दोष होता, ज्याने स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता खूप वाढते, तिचा हिशेब वेगळा होता. तुमच्या घराण्यात आई, मावशी, आत्या यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा, तुमच्यासाठीही. तसं काही नसेल तर भीतीपोटी दुसरा स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही.

आता निर्णय. बहुतेक वेळा बायोप्सीनंतर आठ-दहा दिवस विचार करायला घेतले तर आजाराच्या दृष्टीने बिघडत नाही, सर्जनना विचारून खात्री करून घ्या. ताईंना सर्जनकडे पुन्हा न्या आणि या वेळी बाकीच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवा. हे सर्जनला आधी फोन करून सांगितलं तर ते स्वतःच तसं सुचवतात. 'काय करायचं' असं ताईंना थेट विचारू नका, ज्या बाईला जन्मभर कुणी विचारलं नाही तिला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. असं विचारा: ताई, रोज आंघोळ करताना सपाट छाती दिसलेली तुला जास्त जड जाईल, की स्तन आहे पण त्यात परत काही होईल का ही शंका? तीन आठवडे रोज हॉस्पिटलला जाणं जमेल, की एकदाच काय ते होऊन जावंसं वाटतं? शाळेत परत जाताना कशाची लाज वाटेल? या उत्तरांतून निर्णय आपोआप पुढे येतो. ते उत्तर कदाचित भावोजींसारखंच, 'सगळं काढा' असंही येईल. येऊ दे. ते तिचं असलं म्हणजे झालं. सगळं ऐकून घेऊनही ताई म्हणाल्या की 'डॉक्टरांना योग्य वाटेल ते', तर तीही निवडच आहे. काही माणसांना विश्वासाच्या डॉक्टरवर भार टाकून हलकं वाटतं. मला काळजी वाटते ती काहीच न कळता, घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघून दिलेल्या होकाराची.

भावोजींशी वेगळं बोला. ऑपरेशननंतर नवरे बऱ्याचदा हॉलमध्ये झोपायला जातात, तिला धक्का लागू नये म्हणून. ती आत समजते, याला माझी किळस आली. दोघंही काही बोलत नाहीत आणि हॉलमधली गादी वर्षभर तशीच राहते. त्यांना एवढंच सांगा, की बाहेर झोपायचं असेल तर कारण तोंडाने सांगा, आणि ड्रेन निघाला, टाके सुकले की परत खोलीत जा. जवळ येण्याची घाई नको, पण हात धरणं, केसांवरून हात फिरवणं पहिल्या दिवसापासून चालतं. व्रण बघू का, असं त्यांनी विचारावं, आणि ती नको म्हणाली तर काही दिवसांनी पुन्हा विचारावं.

बाकी घरच्यांनी 'धीर धर', 'पॉझिटिव्ह राहा' हे कमी करावं. त्याने बाईला रडायची सोय राहत नाही. भेटायला येणाऱ्यांची रांग पहिल्या आठवड्यात तुम्ही आवरा, नजर छातीकडे जाणारे पाहुणे नकोतच. घरातली कामं काढून घेताना सगळीच काढून घेऊ नका. सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि सूनबाई अडगळ झाली, हे प्रेमापोटी होतं आणि फार बोचतं. याच आजारातून गेलेल्या एखाद्या बाईची गाठ घालून द्या. अमेरिकेत १९५२ साली टेरेस लॅसर या स्वतः स्तन काढलेल्या बाईने नव्या रुग्णांना हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायला सुरुवात केली, आणि तिथून हा मार्ग जगभर गेला. पुण्यातल्या कॅन्सर विभागांतले समाजसेवक किंवा नर्स अशी ओळख करून देतात, विचारायला लाजू नका. शक्यतो तेच ऑपरेशन झालेली आणि वयाने जवळची बाई शोधा.

मदत कधी घ्यायची? रडू येणं, चिडचिड, काही दिवस न जेवणं याने घाबरून जाऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतून मन उडालं असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन झोप लागत नसेल, ताई पुढच्या तारखा टाळत असतील, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं बोलणं आलं तर त्याच दिवशी भेटा, एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं.

आणि नैराश्याच्या गोळ्या लागल्या तर एक खबरदारी घ्या. ताईंचा कॅन्सर हार्मोनला प्रतिसाद देणारा असेल तर टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी काही वर्षं चालेल. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन या नैराश्याच्या गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात प्रभावी औषधात रूपांतर होणं कमी होतं. तिच्यासोबत चालतील अशा दुसऱ्या गोळ्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना कॅन्सरच्या औषधांचा कागद बरोबर न्या, आणि शेजारणीला लागू पडलेली गोळी परस्पर सुरू करू नका. टॅमॉक्सिफेननेही काहीजणींना अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप मोडते. त्याला कंटाळून ती गोळी गुपचूप बंद करणाऱ्या बायका आहेत. तसं काही जाणवलं तर ताईंना रागावू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यावर उपाय असतात.